अंगठा धरून की सोडून?

आमच्या घरात बोटांच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. काका पोलिसांच्या अंगुलीमुद्रा केंद्रातून निवृत्त झाले. संगणक येण्याआधीचा तो काळ; शाई, रूळ आणि भिंग यांच्या सोबतीनं त्यांची नोकरी झाली. आई मिरजेतल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. तिच्या टेबलावर येणारे हात कडबा कुट्टीत अडकलेले, उसाच्या चरकात गेलेले, नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत प्रेसखाली सापडलेले. काकांचं म्हणणं, बोटाला आकडा हवा. आईचं म्हणणं, बोटाला नावच हवं, आकडा म्हणजे घोळ. दीर-भावजयीचा हा वाद जुनाच. पण माझ्या मुलीनं व्हायोलिन आणि कीबोर्ड असे दोन्ही क्लास एकदम लावले आणि वादाला नवी धार आली. व्हायोलिनच्या वहीत १ हा आकडा तर्जनीवर आहे, कीबोर्डच्या वहीत अंगठ्यावर. पोरीची काही अडचण नाही, ती दोन्ही वाजवते. अडचण झाली मोठ्यांची.

काका: यात भांडण्यासारखं काय आहे? कीबोर्डवाले बरोबर, व्हायोलिनवाले चूक. उजवा अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं तीन, अनामिका चार, करंगळी पाच. डावा अंगठा सहा, आणि असं करत डावी करंगळी दहा. संपलं.

आई: आणि हे ठरवलं कुणी?

काका: कलकत्त्यानं. हसू नका वहिनी. १८९७ साली अंगुलीमुद्रा केंद्र निघालं ते कलकत्त्यात. पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्री साहेबाचं, पण तिचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांनी. त्या गणिताचा पायाच बोटाचा क्रमांक. पहिल्यांदा एवढंच बघायचं, की बोटावर चक्र आहे की नाही. एक आणि दोन नंबरच्या बोटांवर चक्र असलं तर प्रत्येकी सोळा गुण. तीन-चारला आठ, पाच-सहाला चार, सात-आठला दोन, नऊ-दहाला एक. सम नंबरांची बेरीज वर लिहायची, विषमांची खाली, आणि दोन्हीत एकेक मिळवायचा. झाला अपूर्णांक. असे १०२४ कप्पे होतात. हजारो पत्रकांतून माणूस शोधायचा म्हटलं की आधी कप्पा गाठायचा, मग भिंग काढायचं.

आई: त्याचा व्हायोलिनशी काय संबंध?

काका: आहे ना. समजा, एका इसमाच्या फक्त उजव्या तर्जनीवर चक्र आहे. तर्जनी दोन नंबरची, म्हणजे सम. वर सोळा अधिक एक, खाली नुसता एक. सतरा छेद एक. आता व्हायोलिनवाल्या मास्तरांनी तर्जनीला एक नंबर दिला, की तोच इसम एक छेद सतरा झाला. कपाटच वेगळं! तो आम्हाला जन्मात सापडायचा नाही.

आई: तुमचा चोर नाही सापडला तर पुन्हा चोरी करील, तेव्हा सापडेल. माझ्याकडं चूक झाली तर धडधाकट बोट कापलं जातं. एक माणूस आला होता, मधलं बोट अडकायचं त्याचं. मिटलं की उघडताना खटका बसायचा, ट्रिगर फिंगर. बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, ‘उजव्या हाताचे तिसरे बोट’. त्यांनी अंगठ्यापासून मोजलं होतं. आमच्याकडच्या नव्या पोरानं अंगठा सोडून मोजलं आणि यादीत अनामिका चढवली. भूल द्यायच्या आधी मी सहज विचारलं, कुठलं बोट हो मामा? मामांनी मधलं पुढं केलं.

काका: म्हणजे दोष आकड्याचा नाही. मोजायला कुठून लागायचं हे न ठरवता आकडा वापरला, त्याचा दोष.

आई: ठरवलेलं कागदावर असतं भाऊजी, रात्री अडीच वाजता माणसाच्या डोक्यात नसतं. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेत अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी अशी नावंच लिहायची. उजवा-डावा हे शब्दही पूर्ण लिहायचे, नुसतं ‘उ’ आणि ‘डा’ नाही. आणि पेशंट जागा असताना सर्जननं मार्करनं खूण करायची. जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट २००८ साली आली. सुरी लावण्याआधी सगळ्यांनी थांबायचं. कोण पेशंट, काय करायचं, कुठं करायचं, हे मोठ्यानं बोलायचं. त्या वेळी ‘तिसरं’ असं कुणी म्हणालं की मी म्हणायची, नाव सांगा.

हा घोळ मिरजेच्या चिठ्ठीपुरता नाही, हे इथं मध्येच सांगायला हवं. चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात लग्नाची अंगठी स्त्रीच्या डाव्या हाताच्या चौथ्या बोटात घालावी असं सांगितलं आहे. हे अंगठा धरून मोजलेलं. पण इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात तर्जनीला ‘पहिलं बोट’ म्हणतो, आणि त्या हिशेबानं अंगठीचं बोट तिसरं ठरतं. एकाच नवरीचं एकच बोट चर्चमध्ये चौथं आणि घरी तिसरं. अमेरिकेत डॉक्टरांच्या बिलांवर बोटांसाठी संकेत असतात, तिथंही गंमत आहे: डाव्या अंगठ्याला अक्षर, आणि ‘एफ-१’ म्हणजे डाव्या हाताचं दुसरं बोट. एक म्हणजे दुसरं, दोन म्हणजे तिसरं! काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

काका: बरं, वहिनी, मला एक सांगा. हात फ्रॅक्चर झाला की तुमचे डॉक्टर रिपोर्टात काय लिहितात? पाचवं मेटाकार्पल. तिथं कसा चालतो आकडा?

आई: चालतो. तळहातातली ती हाडं पाच, आणि अंगठ्याचं हाड त्यात पहिलं. त्याला वगळायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. रागाच्या भरात भिंतीवर मूठ मारणारे येतात ना, त्यांचं बहुतेक पाचवं मोडलेलं असतं, करंगळीच्या खालचं. त्यात घोळ झालेला मी तरी पाहिला नाही.

काका: मग पायाच्या बोटांचं काय? तिथं तर नावंच नाहीत.

आई: अंगठा आहे, करंगळी आहे. मधल्या तिघांना नावं नाहीत, म्हणून तिथं दुसरं, तिसरं, चौथं म्हणतो. अनवट अंगठ्यात, जोडवी शेजारच्या बोटात. पायाचा अंगठा सोडून मोजणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

म्हणजे आकड्यानं गोंधळ होतो हे आईचं म्हणणं अर्धंच खरं. हाडांत होत नाही, पायांत होत नाही. गोंधळ होतो तो हातात, आणि तोही एकाच कारणानं: अंगठा हे बोट आहे की नाही, याचा निकाल लागलेला नाही. पायाचा अंगठा भावंडांच्या रांगेत मुकाट्यानं उभा असतो. हाताचा अंगठा रांगेतून बाहेर पडून उलट्या दिशेला तोंड करून उभा. त्याला पेरंही दोनच, बाकीच्यांना तीन. आपल्या बोलण्यातसुद्धा तो वेगळा. बोट ‘ते’, तर्जनी-करंगळी ‘ती’, आणि अंगठा ‘तो’. अमरकोशात पाचांची नावं ओळीनं दिली आहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तिथंही अंगुष्ठ पुल्लिंगी आहे हे मुद्दाम नोंदवलेलं आहे. तर्जनीला तिथं ‘प्रदेशिनी’ म्हटलं आहे, म्हणजे दाखवणारी. दटावणारी ‘तर्जनी’ आपण जास्त उचलली, याबद्दल शाळामास्तरांना श्रेय द्यावं असं मला वाटतं.

अमरकोशाचं नाव निघताच काकांना बळ आलं.

काका: बघा, आपले पूर्वजसुद्धा अंगठ्यापासूनच मोजत. करन्यासात काय करतात? आधी अंगठे, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका, शेवटी करंगळी, आणि मग तळहात नि हाताची पाठ. अगदी आमच्या पत्रकाचा क्रम.

आई: तो न्यास. मोजणं वेगळं. तेच गुरुजी जप करताना बघा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करतात, खाली मुळाशी येतात, करंगळीवरून वर चढतात, टोकाटोकानं तर्जनीवर जातात आणि तर्जनीच्या मुळाशी दहा पुरे होतात. मधल्या बोटाची खालची दोन पेरं तो मेरू, तो ओलांडायचा नाही. यात अंगठा कुठल्या नंबरवर आहे सांगा.

काका: अंगठा… मोजतोय.

आई: आणि लहान मुलांना आपण बोटं शिकवतो ते कुठून? करंगळीपासून. अनामिकेला तिथं मरंगळी म्हणतात आणि तर्जनीला चाफेकळी. आमच्या आजीच्या तोंडी ते गाणं होतं. करंगळीवरून निघायचं आणि मनगट, कोपर, खांदा करत डोक्यावर पोचायचं. तिच्या गाण्यात अंगठा नव्हताच.

काका: चाफेकळी हे तर्जनीचं नाव पंचनाम्यात लिहिलं असतं तर साहेबांनी मला घरी पाठवलं असतं.

आई: पण कुठलं बोट ते कळलं असतं की नाही?

कळलं असतं. आणि संस्कृत पंडितांची मोजणीही करंगळीपासूनच सुरू होत असे, त्याला कालिदासाची ती प्रसिद्ध दंतकथा साक्षी आहे. श्रेष्ठ कवी मोजायला बसले, करंगळीवर कालिदासाचं नाव घेतलं, पुढच्या बोटावर घ्यावं असं नाव सुचेना, म्हणून ते बोट नाव नसलेलं, अनामिका. आईची ही आवडती गोष्ट. काकांना ती मान्य नाही, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड आहे: रशियन, फिनिश आणि चिनी भाषांतही या बोटाला ‘बिननावाचं’ असंच म्हणतात, आणि त्यांनी काही कालिदास वाचून नाव ठेवलं नसणार. जपानीत ते औषधाचं बोट आहे, लॅटिनमध्येही वैद्याचं बोट असं एक नाव होतं. आपल्याकडं गंध लावायला तेच, दर्भाचं पवित्रक घालायलाही तेच. नाव नाही, पण मान आहे.

या बोटाचा दुबळेपणा बघायचा असेल तर आईनं शिकवलेली परीक्षा करा. पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट तळहाताखाली मुडपून घ्या, आणि आता अनामिका वर उचला. उचलत नाही. तर्जनी आणि करंगळी यांना बोट सरळ करण्यासाठी स्वतःचा एकेक वेगळा स्नायू आहे. अनामिकेला नाही, आणि हाताच्या पाठीवर तिची कंडरा शेजारणींच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते. मधलं अडकलं की तीही अडकते.

तर मुद्दा मोजण्याचा. काका ‘अंगठा मोजतोय’ असं म्हणाले आणि तिथंच थांबले, पण मला वाटतं या सगळ्या भांडणाची किल्ली त्या दोन शब्दांत आहे. पेरांवर मोजताना अंगठा मोजणारा असतो, आणि मोजणारा स्वतःला मोजत नाही. जॉर्ज इफ्रा यांनी संख्यांचा जागतिक इतिहास लिहिला आहे. त्यात मुंबईकडच्या व्यापाऱ्यांची एक रीत दिली आहे: डाव्या हाताची पाच बोटं मोजून झाली की उजव्या हाताचं एक बोट उचलायचं, असे पाचाचे गट करत पंचवीस-तीसपर्यंत जायचं. तिथं अंगठा इतरांसारखाच कामाला लावलेला, म्हणून तो मोजला जातो. जे बोट ज्या कामात राबतं त्याला त्या कामात नंबर मिळतो. जे नुसतं आधार देतं त्याला मिळत नाही. व्हायोलिनच्या मानेला अंगठा मागून टेकलेला असतो, तारेवर येत नाही. म्हणून तर्जनी एक आणि करंगळी चार. पियानोवर अंगठाही पट्टी दाबतो, म्हणून तो एक. हार्पवर करंगळी वापरत नाहीत, तिथं अंगठा एक आणि मोजणी चारावर बंद. आणि पियानोवालेसुद्धा पहिल्यापासून एकमताचे नव्हते. एके काळी इंग्लंडात छापलेल्या स्वरलिपीत अंगठ्यासाठी अधिकचिन्हासारखी खूण असे आणि तर्जनीपासून १ ते ४. युरोपातली १ ते ५ ची पद्धत नंतर तिकडं रुळली. दोन्हीकडची पुस्तकं एकाच घरात असलेल्या मुलांचे काय हाल झाले असतील!

आई: गिटारवाले शहाणे. डाव्या हाताला आकडे, पण उजव्या हाताच्या बोटांना स्पॅनिश नावांची पहिली अक्षरं. पुल्गार, इंदिसे, मेदिओ, अनुलार. घोळच नको.

काका: आणि आपले मिरजेचे सतारवाले? त्यांना आकडाही नको नि अक्षरही नको. नखी तर्जनीत चढवली की झालं. पण वहिनी, संगीत सोडा. नाव चांगलं म्हणता, तर नावाचा एक तोटा सांगतो. बोट गेलं की नावाचं काय?

आई: नाव राहतं. आम्ही लिहितो, उजवी तर्जनी नाही.

काका: आमचा आकडाही राहतो! उजवी तर्जनी तुटलेली असेल, तर दोन नंबरची चौकट मोकळी सोडत नाही आम्ही. डाव्या तर्जनीवर जो नमुना असेल तोच उजवीवर होता असं धरायचं. दोन्ही तर्जन्या नसतील तर दोन्हींवर चक्र धरायचं. म्हणजे बोट नसलं तरी त्याचा नंबर गुण मिळवतो.

आई: हे बाकी मला माहीत नव्हतं.

काका: व्हायोलिनवर करंगळी गेली तर तिचा चार नंबर कुणाच्या कामाचा? तिथं नंबर कामाला असतो. आमच्याकडं तो जागेला असतो.

इथं काका जिंकले, असं मी मनात नोंदवलं. आकडा कामाला देणं आणि आकडा जागेला देणं, यांतला फरक त्यांनी माझ्याआधी धरला. पण आईकडं अजून कायदा बाकी होता. प्रेसखाली बोटं गेलेल्या कामगारांचे कागद तिनं इतके भरले आहेत की १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची पहिली अनुसूची तिला जवळजवळ पाठ आहे.

आई: कायद्यात तुमचे नंबर नाहीत भाऊजी. अंगठा गेला तर कमाईची कुवत ३० टक्के गेली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं १२, आणि अनामिका किंवा करंगळी ७. एक पेर गेलं तर किती, दोन गेली तर किती, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर किती, सगळं बोटाच्या नावानं.

काका: आणि चारही बोटं गेली तर?

आई: ५०.

काका: थांबा. चौदा नि बारा सव्वीस, सात नि सात चौदा. चाळीस झाले.

आई: एकेकटं गेलं तर चाळीस. चारही एकदम गेली तर ५०. हात म्हणजे बोटांची बेरीज नाही, एवढं कायदा करणाऱ्याला कळलं होतं. पण बघा, ‘एका हाताची चार बोटं’ असं म्हणताना त्यानं अंगठा आपोआप बाहेर ठेवलाय. म्हणजे कायद्याच्या लेखी अंगठा हे बोट नाही.

काका: तसं नाही. निशाणी डावा अंगठा लिहून खरेदीखतं होतातच की. तिथं बाकीची बोटं बोटं नाहीत असं म्हणायचं का? आणि मतदानाला शाई लावतात ती डाव्या तर्जनीला. सरकार कामाप्रमाणं बोट निवडतं.

आई: आणि करंगळीला ७ टक्के, हे मला कधीच पटलं नाही. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याला विचारा. चिमटीचं काम अंगठा-तर्जनीचं, पण घट्ट मूठ धरायची ताकद अनामिका आणि करंगळीच्या बाजूला असते. करंगळी वर करून हातोडा धरून बघा, डोकं फिरतंय की नाही हातोड्याचं. ज्यानं ही अनुसूची केली त्यानं लेखणी धरणाऱ्याचा हात डोळ्यांपुढं ठेवला असावा.

हे आईचं मत, आणि मला ते कुठल्याही नंबरापेक्षा मोलाचं वाटतं. गोवर्धन करंगळीवर तोलणाऱ्यानं तरी तिचा हिशेब वेगळा लावला असता. आणि एकलव्याकडून द्रोणांनी अंगठाच का मागितला, हे कळायला ३० टक्क्यांचा आकडा पुरेसा आहे.

नावं आणि आकडे यांचं नातं मेंदूत तर आणखी विचित्र आहे. १९२४ साली व्हिएन्नात जोसेफ गेर्स्टमान यांनी एका रुग्णाचं वर्णन लिहिलं. बोटं ठीक, हालचाल ठीक, पण ‘मधलं बोट दाखव’ म्हटलं की दाखवता येत नव्हतं. स्वतःचंही नाही, समोरच्याचंही नाही. पुढं अशा रुग्णांत आणखी तीन गोष्टी एकत्र दिसल्या: लिहिता न येणं, डावं-उजवं न कळणं आणि साधी आकडेमोड न जमणं. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात मागच्या बाजूला इजा झाली की असं होतं. ही चार लक्षणं खरंच एका कुळातली की नुसती शेजारी राहणारी, यावर मेंदूतज्ज्ञांत अजून वाद आहे. तो वाद आमच्या घरातल्या वादापेक्षा सभ्य भाषेत चालत असावा. पण बोटाचं नाव आणि बेरीज ही दोन्ही एकदम हातची जातात, हे ऐकून काका म्हणाले, “बघा, तुमचं नि माझं एकाच कपाटात आहे, वहिनी.” आई म्हणाली, “डावं-उजवंही तिथंच आहे. म्हणून ते पूर्ण लिहा म्हणते मी.”

जुन्या लोकांनी मात्र हाताची मापं करताना अंगठ्याचा प्रश्न फार सुबक सोडवला. अंगठा एका टोकाला कायम धरायचा आणि दुसऱ्या टोकाला एकेक बोट ताणायचं. अंगठा ते तर्जनी प्रादेश, अंगठा ते मधलं ताल, अंगठा ते अनामिका गोकर्ण, अंगठा ते करंगळी वितस्ति, म्हणजे आपली वीत, बारा अंगुळांची. चार बोटांची चार मापं, आणि चारही मापांत अंगठा. वीत तेवढी टिकली. बाकीची तीन मापपट्टीनं खाल्ली. रुमालाखाली बोटं दाबून गुरांचा भाव ठरवणाऱ्या दलालांकडं अजून नंबर आणि नाव दोन्ही नसतात, नुसता स्पर्श असतो. तिथं किती बोटं धरली एवढाच प्रश्न, कुठली धरली याला किंमत नाही. आईला हे पटत नाही. ती म्हणते, तिथंही कुठलं पेर दाबलं ते महत्त्वाचं असणार. मला माहीत असलेले दलाल रुमाल वर करून दाखवायला तयार नाहीत.

शेवटी काकांनीच विचारलं, की नाव असं कधी बदलतं का? बोट तेच आणि नाव दुसरं?

आई: बदलतं. काही मुलं जन्मतःच अंगठ्याविना येतात. मग सर्जन तर्जनी तिच्या जागेवरून सोडवतात. रक्तवाहिन्या, नसा तशाच जपायच्या, हाड आखूड करायचं, बोट फिरवायचं आणि अंगठ्याच्या जागी बसवायचं. पॉलिसायझेशन म्हणतात. पुढं ते मूल त्याच बोटानं चिमटीत शेंगदाणा उचलायला लागतं. त्या दिवसापासून घरचे त्याला अंगठा म्हणतात. आम्हीही.

काका: आणि ठसा?

आई: कातडी तीच, मग ठसा तोच. तर्जनीचा.

काका: हं. म्हणजे असा माणूस उद्या पत्रकावर आला, तर ते बोट एक की दोन?

आई: तुम्हीच सांगा. तुमचा आकडा जागेला असतो म्हणालात.

काका: मग एक. शिपायाच्या समोर हात येतो, तुमच्या थिएटरची फाइल येत नाही. अंगठ्याच्या जागी जे आहे ते एकच्या चौकटीत. दोनच्या चौकटीत ‘बोट नाही’ असा शेरा, आणि नमुना डाव्या तर्जनीवरून घ्यायचा.

आई: म्हणजे एक नंबरवर दोन नंबरचं बोट.

काका: गुण दोघांनाही सोळाच मिळतात. फक्त वर लिहायचे की खाली, एवढाच प्रश्न.

आई: आणि मधलं बोट? अंगठा धरून चारच उरली आता. मधे कुणीच नाही. आमच्या कागदावर ते तरीही मधलंच.

काका: आमच्याकडं तीनच.